माशाचे रक्त आणि गुणसूत्रांचा हिशेब

वाचकहो, परभणी जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काळी जमीन येते, ज्वारी येते, कापूस येतो. मासा काही चटकन आठवत नाही. पण जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले, सेलूच्या बाजूला निम्न दुधनेचे पाणी साठले, गंगाखेडकडे मासोळीचा तलाव झाला, आणि गोदावरी तर पूर्वापार वाहतेच आहे. अलीकडे शेततळीही ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. जेथे पाणी आले तेथे मासा आला. मत्स्यबीज सोडणे, जिरे वाढवणे, बोटुकली विकत आणणे ही भाषा आता भोईवाड्यापुरती राहिलेली नाही. ज्याने जन्मात जाळे हाती धरले नाही अशा शेतकऱ्याच्या तोंडीही ती आली आहे.

मासा पाळणाऱ्याची एक जुनी अडचण आहे. काही जातींचे मासे तळ्यात सोडले की वाढण्याऐवजी वीणच वाढवीत बसतात. तळे माशांनी भरते, पण बोटाएवढ्या! यावर शास्त्रज्ञांनी एक तोड काढली. ज्याला पिल्ले होणारच नाहीत असा मासा त्यांनी घडवला. तो घडवण्यासाठी त्यांनी माशाच्या पेशीतली गुणसूत्रे वाढवली. मात्र एवढे केल्यावर त्याच्या रक्तात काय फरक पडला, हे पाहणे भाग होते. त्या पाहण्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. विषय कानाला अवघड वाटेल, पण हिशेब साधा आहे, आणि त्याचा संबंध आपल्या उन्हाळ्याशी व आपल्या तळ्यांशी थेट येतो.

प्रथम गुणसूत्रे म्हणजे काय ते पाहू. सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पेशीत एक केंद्रक असते, आणि त्यात बारीक धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात ते या धाग्यांच्या वाटेने. मेथीची जुडी असावी तशी या धाग्यांची जुडी कल्पा. एक जुडी आईकडून येते, एक बापाकडून. शास्त्रात जुडीला संच म्हणतात, आणि ज्याच्या पेशीत दोन संच असतात त्या जिवाला द्विगुणित म्हणतात. आपल्या रोहू, कटला आणि मृगळ या माशांच्या एका संचात २५ गुणसूत्रे असतात. दोन संच मिळून ५०. माणसाची गुणसूत्रे ४६ असतात, आणि हा आकडा पक्का ठरला तो फार उशिरा, १९५६ साली.

सगळेच जीव दोन संचांवर भागवतात असे मात्र नाही. त्याचे दाखले शोधायला दूर जायला नको. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी आपण आवडीने खातो. केळात बी का नसते, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने गुरुजींना विचारला तर काय उत्तर द्याल? उत्तर असे, की या केळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. बी धरायचे तर संचांची बरोबर निम्मी वाटणी व्हावी लागते. दोन संचांची होते; तिनांची कशी व्हावी? वाटणी फिसकटते आणि बी धरत नाही. अशा जिवाला त्रिगुणित म्हणतात.

दुसरा दाखला कापसाचा. आपल्या जुन्या गावरान कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, आणि अमेरिकेकडून आलेल्या लांब धाग्याच्या कापसात ५२, म्हणजे चार संच. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली, आणि तेथे देशी कापसाचे वाण निपजले आहेत. त्या वाणांवर काम करणाऱ्याला देशी आणि अमेरिकन यांचा संकर का अडतो, हे या २६ आणि ५२ च्या हिशेबावरूनच समजून घ्यावे लागते. सांगण्याचा मुद्दा हा, की संच कमीजास्त होणे ही काही प्रयोगशाळेतली जादू नव्हे. ती आपल्या शेतात आणि आपल्या ताटात आहे.

आता रक्ताकडे वळू. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. कापडाचे सूत पारखण्याकरिता भिंग वापरता वापरता त्याला भिंगे घासण्याचाच नाद लागला. सतराव्या शतकात त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून रक्त पाहिले. माणसाच्या रक्तातले तांबडे कण त्याला वाटोळे दिसले. माशाच्या रक्तातले मात्र लांबट, अंडाकृती दिसले, आणि त्यांच्या मधोमध काहीतरी निराळे असल्याचे त्याने टिपून ठेवले. ते काहीतरी म्हणजेच केंद्रक. त्याला हे नाव रॉबर्ट ब्राउनमुळे १८३१ नंतर रूढ झाले, आणि त्यातल्या धाग्यांना आजचे शास्त्रीय नाव १८८८ साली मिळाले. म्हणजे वस्तू आधी दिसली आणि तिचे नाव दीडशे वर्षांनी आले!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. पेशी तयार होताना ते बाहेर टाकले जाते. माशाच्या तांबड्या पेशीत ते जन्मभर राहते. म्हणून माणसाच्या तांबड्या पेशीवरून गुणसूत्रांचा अंदाज करता येत नाही, पण माशाच्या तांबड्या पेशीवरून करता येतो. केंद्रक मोठे दिसले तर आत धागे जास्त आहेत, असे समजावे. पुढचा सारा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गलिव्हर नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टराने शेकडो प्राण्यांच्या रक्तपेशी मोजण्याचे चिकाटीचे काम केले. त्याची मोजमापे १८७५ साली एकत्र छापली गेली. पेशीचा आकार प्राण्याच्या देहाच्या आकारावर ठरत नाही, हे अशा मोजमापांतून उघड झाले. हत्ती मोठा म्हणून त्याची रक्तपेशी मोठी नसते. उलट बेडकासारख्या लहान जिवाची पेशी हत्तीच्या पेशीपेक्षा कितीतरी मोठी असते. मग पेशीचा आकार ठरतो तरी कशावर?

या प्रश्नाचे उत्तर हळूहळू जमत गेले. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी यांनी १९०५ च्या सुमारास समुद्रातल्या साळूवर, म्हणजे काटेरी अंगाच्या एका लहान जलचरावर, प्रयोग केले. गुणसूत्रे जास्त असतील तर केंद्रक आणि पेशीही मोठ्या होतात, हे त्यांनी दाखवले. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे गेरहार्ड फँकहाउझर यांनी १९३० नंतरच्या काळात पाणसरड्यांवर काम केले. तीन संचांचे पाणसरडे पाहून त्यांना एक नवल वाटले. पेशी मोठ्या होत्या, पण पाणसरडा मोठा नव्हता! पेशी मोठ्या झाल्या तितक्या त्या संख्येने कमी झाल्या होत्या. मोठ्या विटांनी घर बांधले तर विटा कमी लागतात, घर तेवढेच राहते. तसाच हा प्रकार.

आणि आता आपल्या देशाचा माणूस या इतिहासात येतो. एच. स्वरूप हे भारतीय प्राणिशास्त्रज्ञ ऑक्सफर्ड येथे संशोधन करीत होते. त्यांनी काटेपाठ्या म्हणावा अशा एका बारीक विलायती माशाची अंडी घेतली, आणि ती फळल्यावर लगेच त्यांना थंडीचा, तसाच उष्णतेचाही धक्का दिला. त्यातून तीन संचांची पिल्ले निघाली. ही हकीगत १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झाली, आणि तिचा सविस्तर वृत्तांत १९५९ साली आनुवंशिकीच्या एका नामांकित नियतकालिकात आला. त्याचे संपादक जे. बी. एस. हाल्डेन हे १९५७ साली इंग्लंड सोडून कलकत्त्यास राहावयास आले होते आणि नियतकालिकही सोबत घेऊन आले होते. म्हणजे ऑक्सफर्डला केलेले हे काम छापून निघाले ते भारतात आलेल्या नियतकालिकातून. स्वरूप यांनी त्या माशांच्या निरनिराळ्या अवयवांतल्या पेशी मोजल्या. रक्ताच्या पेशीही मोजल्या. पेशी मोठ्या, संख्या कमी, देह तेवढाच. पाणसरड्याचा नियम माशालाही लागू पडला.

पण धक्का दिल्याने तिसरा संच येतो तरी कोठून? तेही समजून घेऊ. माशाचे अंडे पाण्यात पडते तेव्हा त्यात आईचे दोन संच असतात. नराचे बीज आत शिरले, की अंडे त्यांतला एक संच बारीकशा पुटकुळीत घालून बाहेर टाकते. मग आईचा एक आणि बापाचा एक, असे दोन उरतात. नेमक्या त्या काही मिनिटांत अंड्याला थंडी, उष्णता किंवा मोठा दाब सोसावा लागला, तर बाहेर टाकण्याचे काम अडते. टाकायचा संच आतच राहतो. रोहूच्या बाबतीत २५ आणि २५ ऐवजी २५, २५ आणि २५, म्हणजे ७५ गुणसूत्रे होतात. बाहेरून काहीही घातलेले नाही. जे जाणार होते ते अडवले, एवढेच. त्यामुळे असा मासा खाल्ल्याने काही अपाय होईल का, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. तीन संचांचे केळे आपण उपासालासुद्धा खातो.

आता मुख्य प्रश्न. त्रिगुणित माशाच्या रक्ताचे काय होते?

रक्ताचे मुख्य काम प्राणवायू वाहून नेण्याचे. तो वाहून नेतो तांबड्या पेशींमधला रंगीत पदार्थ. त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. आता पेशी म्हणजे ज्वारीचे पोते आणि हिमोग्लोबिन म्हणजे आतली ज्वारी, असे समजा. हिशेबापुरते धरून चला, की साध्या माशाच्या एका घन मिलिमीटर रक्तात १८ लाख पेशी आहेत. त्रिगुणित माशात संच दीडपट, म्हणून पेशीही साधारण दीडपट मोठी. मग पेशी किती राहतील? १८ लाखांच्या दोन तृतीयांश, म्हणजे १२ लाख. पोती कमी झाली, पण प्रत्येक पोते दीडपट भरले. एकूण ज्वारी तेवढीच!

प्रत्यक्ष मोजणीतही बहुतेक असेच आढळते. रक्त एका बारीक नळीत घालून यंत्रावर गरगर फिरवले, की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि त्यांची उंची मोजता येते. त्रिगुणित माशात ती सहसा साध्या माशाइतकीच भरते. हिमोग्लोबिन कधी तेवढेच, तर कधी थोडे कमी मिळाले आहे. कॅनडात टिलमन बेन्फी आणि त्यांचे सहकारी सटरलिन यांनी १९८४ साली सामन जातीच्या माशाच्या रक्ताचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ट्राउट, मांगूर वर्गातले मासे, कार्प अशा अनेक पाळीव माशांवर ही मोजणी झाली. आकडे जातीजातीत बदलले, पण मोठ्या आणि मोजक्या पेशी हे चित्र फिरूनफिरून तेच आले.

ज्वारी तेवढीच, तर तोटा कसला? तोटा आहे तो पोत्याच्या कापडात. प्राणवायू पेशीत शिरतो आणि बाहेर पडतो तो तिच्या सालीतून, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कापडातून. मोठे पोते शिवले तर दर पायलीमागे कापड कमी लागते, हे शिंप्याला सांगावे लागत नाही. आकार तसाच ठेवून पेशी दीडपट केली, तर दर मापामागे साल सुमारे १३ टक्क्यांनी कमी पडते. म्हणजे माल तेवढाच, पण तो चढवण्या-उतरवण्याचा दरवाजा अरुंद. निसर्गाने यावर थोडा उपाय केलेला दिसतो. त्रिगुणित पेशी रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढते, त्यामुळे दरवाजा वाटतो तितका अरुंद होत नाही. तरी उणीव पुरती भरून निघत नाही.

रोजच्या राहणीत ही उणीव जाणवत नाही. पाणी थंड आहे, वाहते आहे, प्राणवायू मुबलक आहे, तर त्रिगुणित मासा साध्या माशाच्या बरोबरीने जगतो आणि वाढतो. पण पाणी तापले आणि प्राणवायू घटला, की अनेक प्रयोगांत त्रिगुणित मासे आधी थकलेले आणि अधिक संख्येने मेलेले आढळले आहेत. सगळा दोष रक्ताचाच, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. कल्ले, हृदय, इतर पेशी यांचाही त्यात वाटा आहे. तरी रक्ताची गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगायची तर जमाखर्च जुळतो, पण अडीअडचणीला शिल्लक राहत नाही. सुकाळात हे घर आणि शेजारचे घर सारखेच दिसते. दुष्काळ पडला की फरक कळतो.

आणि आपल्याकडे हा दुष्काळ दर वर्षी येतो. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ३५ अंशांना सातवर. हे झाले जास्तीत जास्त मावणारे माप. तळ्यात शेवाळ माजलेले असेल, तर रात्री तेही श्वासाला प्राणवायू ओढते, आणि पहाटे पाणी अगदी रिते होते. पहाटेच्या वेळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना आपण पाहिले असेल. तीच ती वेळ. ज्याच्या रक्तात शिल्लक नाही त्याची परीक्षा तेव्हा होते.

मग असा मासा हवाच कशाला, असे कोणी विचारील. यासाठी मत्स्यशेतीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. पूर्वी रोहू-कटल्याचे बी नदीच्या पुरातून गाळून आणावे लागे, आणि त्यात कोणत्या माशाचे बी आले हे नशिबावर असे. कारण हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. १० जुलै १९५७ या दिवशी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलिकुन्ही यांच्यासह काम करीत असता माशांना पोष ग्रंथीच्या अर्काची टोचणी दिली आणि त्यांच्याकडून तळ्यात अंडी घालवली. १० जुलै हा दिवस म्हणूनच आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसापासून माशाचे अंडे माणसाच्या हाती आले, आणि अंडे हाती आल्यावाचून त्याला थंडी-उष्णतेचा धक्का देणे शक्य नव्हते.

त्याच सुमारास परदेशचे मासेही आले. चिलापी १९५२ साली आला. गवत्या आणि चंदेरी १९५९ साली आले. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे तिची पिल्ले फार वाचतात, आणि तो काही महिन्यांतच वीण धरू लागतो. परिणाम व्हायचा तोच झाला. तळी खुज्या माशांनी भरली. १९५९ साली देशातल्या मत्स्य संशोधन समितीने चिलापीचा प्रसार थांबवावा असे ठरवले, पण तोवर मासा बांधाबाहेर पडला होता. आज तो गोदावरीतही सापडतो. सरकारनेही २००९ नंतर अटी घालून त्याच्या पालनाला वाट मोकळी केली. एकदा नदीत गेलेला मासा परत बोलावता येत नाही, ही यातली खरी मेख आहे. नदीतल्या मरळ, वाम, शिंगटा या आपल्या माशांचे चारापाणी आणि जागा नवा पाहुणा घेतो, आणि त्यावर पोट असणाऱ्या भोई कुटुंबांना त्याचा फटका बसतो.

वांझ मासा असता तर? तो बांधाबाहेर पडला तरी त्याची संतती वाढली नसती. त्रिगुणित माशाचे मोल येथे आहे. अमेरिकेने हे ओळखले. तेथे पाणवनस्पती खाऊन कालवे साफ ठेवील म्हणून १९६३ साली गवत्या मासा आणला गेला. पण तो नद्यांत माजेल, ही धास्ती होती. १९८० नंतरच्या दशकात तेथे त्रिगुणित गवत्या तयार होऊ लागला आणि अनेक राज्यांनी तोच सोडावा असा नियम केला. पण सोडलेला मासा खरोखर त्रिगुणित आहे, हे ओळखायचे कसे? डोळ्यांनी पाहून तर दोघे सारखेच. येथे रक्ताची ती जुनी गोष्ट उपयोगी पडली. माणसाच्या रक्तपेशी मोजण्यासाठी वॉलेस कूल्टर यांनी एक यंत्र शोधले होते. त्याचे स्वामित्व त्यांना १९५३ साली मिळाले. त्याच यंत्रात माशाच्या रक्ताचा थेंब घालून केंद्रकाचा आकार मोजू लागले. केंद्रक दीडपट भरले तर मासा त्रिगुणित. पैदास करणाऱ्याने प्रत्येक मासा तपासायचा आणि मग सरकारी निरीक्षकाने त्यांतले १२० मासे निवडून पुन्हा पाहायचे, अशी तेथली शिस्त. लेव्हेनहुकने टिपलेला तो पेशीतला ठिपका तीनशे वर्षांनी असा नद्यांचा राखणदार झाला!

आपल्या देशातही हे काम झाले आहे. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथे केंद्रीय गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीची संस्था आहे. रोहू आणि कटला यांत बहुगुणित पिल्ले मिळाल्याची हकीगत पी. व्ही. जी. के. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. मांगूर आणि शिंगी यांच्या अंड्यांना थंडीचा धक्का देऊनही असे मासे मिळवले गेले. परंतु आपल्या तळ्यांच्या शेतीत त्रिगुणित मासा अजून फारसा रुळलेला नाही.

येथे एक शंका कोणी चाणाक्ष शिक्षक काढील. सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, याच्या पेशीत सुमारे १०० गुणसूत्रे असतात, रोहूच्या दुप्पट. मग तो तर गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. हे कसे? शंका रास्त आहे. सायप्रिनसची ही दुप्पट काल-परवाची नाही. ती सुमारे एक कोटी वर्षांच्या आसपास घडली असावी, असे २०१४ साली त्याच्या गुणसूत्रांचे वाचन झाल्यावर दिसून आले. इतक्या काळात निसर्गाने त्या जातीची घडी बसवली; जे तगले ते राहिले. अमेरिकन कापसाचेही तसेच; त्याचे चार संच लाखो वर्षांपूर्वी एकत्र आले. पण आपण काल धक्का देऊन घडवलेल्या माशाला ही सवड मिळालेली नाही. त्याची मोठी पेशी जुन्याच बेताच्या शरीरात नांदते आहे. म्हणून केवळ आकडा पाहून निर्णय करू नये. तो आकडा किती जुना, हेही विचारावे.

या इतिहासातून आपण घ्यायचे काय? उद्या कोणी त्रिगुणित मत्स्यबीज घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला हाकलू नका आणि डोळे मिटून घेऊही नका. ते त्रिगुणित आहे याची रक्ताची तपासणी कोणी केली, ते विचारा. कारण धक्का दिलेल्या सगळ्याच अंड्यांत तिसरा संच अडतो असे नाही, आणि चार साधे मासे राहिले तरी वीण सुरू होते. असा मासा सोडायचा तर दाटी कमी ठेवा. उन्हाळ्यात पाणी आटून उथळ होणारे शेततळे त्याला मानवणार नाही. पहाटे पाणी हलवण्याची, ताजे पाणी सोडण्याची सोय असेल तरच त्याच्या वाटेला जा. जाळे ओढायचे तर ते सकाळी गारव्यात ओढा. हे नियम साध्या माशालाही हिताचेच आहेत, पण त्याच्या रक्तात थोडी शिल्लक आहे म्हणून तो आपली चूक पोटात घालतो. त्रिगुणित मासा घालणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बाजारातून नुकत्याच कापलेल्या माशाच्या रक्ताचा एक थेंब आणा. तो मिठाच्या अगदी सौम्य पाण्यात, म्हणजे १०० भाग पाण्यात एक भागाहून किंचित कमी मीठ घालून, पातळ करा. काचेच्या पट्टीवर त्याचा पातळ थर द्या आणि मुलांना पाहू द्या. लांबट पेशी आणि तिच्या मधोमध ठिपका, हे दृश्य त्यांना दिसेल. मग त्यांना सांगा, की या ठिपक्यात रोहूची ५० गुणसूत्रे आहेत, त्यांतली २५ आईची आणि २५ बापाची. ती ७५ झाली तर ठिपका केवढा होईल, पेशी किती उरतील आणि मे महिन्यातल्या पहाटे त्या माशाचे काय होईल, हा हिशेब त्यांनाच फळ्यावर करू द्या. गणित, जीवशास्त्र आणि आपल्या गावचे तळे, तिन्ही विषय एका तासात होतील.

नदी वाचवायची तर वांझ मासा चांगला. उन्हाळा काढायचा तर शिल्लक असलेला मासा चांगला. यांत कोणता निवडायचा, हे प्रत्येक तळ्याच्या पाण्यावर ठरेल. येलदरीसारख्या खोल पाण्याचे उत्तर निराळे आणि उन्हात तापणाऱ्या शेततळ्याचे निराळे. निवड करणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात, इतकाच या लेखाचा हेतू.